काढा, चूर्ण आणि आसव तीन महिने घेऊनही गुण का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पोट फुगते आणि खोकला जुना आहे. दशमुळांचा काढा, हिंग्वाष्टक चूर्ण, सितोपलादी चूर्ण आणि कनकासव अशी चार औषधे तीन महिने, दोन्ही जेवणांनंतर एकापाठोपाठ एक घेतली, तरी उतार नाही. आयुर्वेदाचा गुण सावकाश येतो म्हणून आणखी थांबावे की औषध बदलावे?

औषधाचा विचार नंतर करू, आधी खोकला तपासून घ्या. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यात क्षयरोगासाठी थुंकी तपासायचीच असते. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. छातीचा एक्स-रेही काढून घ्यावा. वजन घटणे, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, थुंकीत रक्त यांतले एक जरी लक्षण असेल तर आजच जा. दुसरे, रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तिचे नाव वाचा. रामिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो आणि गोळी चालू असेपर्यंत तो कोणत्याही काढ्याला दाद देत नाही. अशा वेळी गोळी स्वतःहून थांबवू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात. तिसरे कारण आंबट पाणी घशाशी येण्याचे. आडवे पडल्यावर खोकला वाढतो आणि पोटही फुगते, असे असेल तर या कारणाचा संशय अधिक.

हे सगळे निकालात निघाले असे धरून पुढचे लिहितो.

यादीतली पहिली तीन औषधे चुकीची नाहीत; कनकासवाचे पुढे पाहू. दशमूळ, म्हणजे दहा वनस्पतींची मुळे, वात-कफाच्या खोकल्यात चालते, हिंग्वाष्टक पोटफुगीचेच औषध आहे, सितोपलादी खोकल्याचे. घेण्याच्या पद्धतीत मात्र जवळजवळ सगळेच चुकले आहे. चारही औषधांच्या वेळा वेगळ्या, ती कशाबरोबर घ्यायची हेही वेगळे. जेवणानंतर चौघांना एकत्र पोटात ढकलले की चार औषधांचे मिळून एकही काम धड होत नाही.

वाग्भट या जुन्या आयुर्वेदाचार्याने ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात औषध घेण्याचे दहा काळ सांगितले आहेत: रिकाम्या पोटी, जेवणाच्या आधी, मध्ये, शेवटी, दोन घासांच्या मध्ये, प्रत्येक घासाबरोबर, पुन्हा पुन्हा थोडे थोडे, अन्नात मिसळून, जेवणाच्या आधी आणि नंतर असे दोन्हीकडून, आणि रात्री झोपताना. यामागचा हिशेब दोष कुठे आहे याचा आहे. कमरेखालच्या, म्हणजे अपान वायूच्या तक्रारीत जेवणाआधी. पचनाच्या, म्हणजे समान वायूच्या तक्रारीत जेवणाच्या मध्ये. खोकला, दमा, उचकी, उलटी यांत पुन्हा पुन्हा. मानेच्या वरच्या रोगांत रात्री. कफ वाढलेला असेल, रोग बळकट असेल आणि रोग्यातही ताकद असेल तर रिकाम्या पोटी, कारण तेव्हा औषधात अन्न मिसळत नाही आणि ते पूर्ण जोराने काम करते. अशक्त माणसाला तेच औषध रिकाम्या पोटी दिले तर मळमळते, गळून गेल्यासारखे होते. हल्ली ‘जेवणानंतर दोन-दोन चमचे’ ही एकच सूचना सरसकट लिहिली जाते. ती लिहिणाऱ्याच्या सोयीची आहे.

आता एकेक औषध.

हिंग्वाष्टकात सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग असे आठ जिन्नस समभाग असतात. हिंग तुपात फुलवूनच घालायचा, कच्चा घातला तर जळजळतो आणि मळमळ होते. ते कसे घ्यायचे हे मूळ पाठातच आहे: तुपाबरोबर, पहिल्या घासात. म्हणजे गरम मऊ भाताचा एक घास, त्यावर चमचाभर पातळ तूप, त्यात एक ते दोन ग्रॅम चूर्ण (पाव ते अर्धा चहाचा चमचा) कालवायचे, तो घास आधी चावून खायचा आणि मग नेहमीचे जेवण. जेवणानंतर गार पाण्याबरोबर घेतलेले हिंग्वाष्टक अन्नाच्या थरावर पडून राहते. करपट ढेकर आणि हिंगाचा वास तेवढा येतो, फुगी तशीच. दोन गोष्टी लक्षात ठेवा. याचा आठवा भाग मीठ आहे; दिवसाला चार ग्रॅम घेतले तर अर्धा ग्रॅम सैंधव पोटात जाते, हे रक्तदाबवाल्यांनी मोजावे. आणि ज्याला छातीत जळजळ, तोंड येणे, घोळणा फुटणे असा पित्ताचा त्रास आहे त्याने हे घेऊच नये. पोट पित्तानेही फुगते आणि तिथे हिंग-मिरी आगीत तेल ओततात.

सितोपलादीचे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे: दालचिनी 1 भाग, वेलची 2, पिंपळी 4, वंशलोचन 8 आणि खडीसाखर 16. एकूण 31 भागांत 16 भाग साखर, म्हणजे तीन ग्रॅम चूर्णात दीड ग्रॅमहून थोडी अधिक साखर जाते. मधुमेही माणसाने हे धरून चालावे. खरे औषध पिंपळीचे, आणि ते चाटण करूनच लागू पडते. दिवसाचे चार-पाच ग्रॅम चूर्ण एका वाटीत घ्या, त्यात मध आणि तूप असमान प्रमाणात घाला, मध दोन चमचे तर तूप एक चमचा किंवा उलट. कोरडा खोकला असेल तर तूप जास्त, कफ सुटत असेल तर मध जास्त. समप्रमाण टाळायचे, तो विरुद्ध संयोग सांगितला आहे. हे चाटण दिवसभरात सहा-सात वेळा बोटाच्या टोकाएवढे चाटायचे आणि त्यावर पाणी प्यायचे नाही. कोरडे चूर्ण तोंडात टाकून पाण्याने गिळले तर घशावर ते थांबत नाही आणि भुकटी श्वासात गेली की उबळ येते. एक वर्षाखालच्या बाळाला मध कोणत्याही चाटणात देऊ नये.

बाजारातल्या सितोपलादीचे दुखणे वेगळेच आहे. अस्सल वंशलोचन बांबूच्या पोकळीत साठणारा पदार्थ; तो महाग आणि दुर्मीळ. त्याच्या जागी तवकीर किंवा कारखान्यात बनवलेला पर्याय जातो. पाकिटावरची घटकांची यादी वाचा आणि जिभेवर चिमूटभर ठेवून पाहा. पिंपळी चांगली असेल तर काही क्षणांत जिभेला चुणचुण लागते. नुसते गोड लागले तर ते खडीसाखरेचे चूर्ण समजा.

काढ्यावर मात्र जरा सविस्तर लिहायला हवे, कारण घरी सगळ्यात जास्त बिघडते ते हेच.

काढ्याला भरड लागते. रव्यापेक्षा जाड, ज्वारीच्या कण्यांएवढी. वस्त्रगाळ चूर्ण उकळले की त्यातले पिष्ट फुगते, पाणी दाट होते, तळाला लागते आणि गाळताच येत नाही. अशा लगद्याला काढा म्हणता येत नाही. दुसऱ्या टोकाला अख्खी मुळे टाकली तर बाहेरचा थर तेवढा उतरतो आणि आतले लाकूड कोरडेच राहते. औषधे बनवण्यावर जुना ग्रंथ लिहिणाऱ्या शार्ङ्गधराचे प्रमाण असे: एक पळ म्हणजे सुमारे 48 ग्रॅम भरड, सोळा पट पाणी, मातीच्या भांड्यात आठवा भाग उरेपर्यंत आटवायचे. आजच्या माणसाला एवढी मात्रा सहसा झेपत नाही. व्यवहारात एका वेळेला 10 ग्रॅम भरड, 160 मिलि पाणी, आटवून 40 मिलि, म्हणजे चौथा भाग, हे प्रमाण चालते. सोळा पट पाणी दशमुळासारख्या कठीण द्रव्यांना. मध्यम असतील तर आठ पट, पाने-फुले असतील तर चार पट पुरते. त्यांना सोळा पट पाणी घालून तासभर उकळले तर वास उडून जातो आणि कडवटपणा तेवढा उरतो.

रात्री भरड त्याच पाण्यात भिजत घाला. सकाळी मंद आचेवर ठेवा, झाकण न ठेवता. जुन्या टीकाकारांनी स्पष्ट म्हटले आहे की तोंड झाकून उकळलेले पाणी पचायला जड होते. शिवाय झाकण ठेवले की वाफ परत खाली पडते आणि आटायला दुप्पट वेळ लागतो. कुकरमध्ये शिट्ट्या काढून केलेल्या पाण्याला काढा म्हणू नये, कारण तिथे पाणी आटतच नाही. मोठ्या आचेवर पाणी लवकर आटते पण मुळातला अंश तेवढ्यात उतरत नाही. 160 चे 40 व्हायला साधारण अर्धा तास लागावा. दहा मिनिटांत झाले असेल तर आच जास्त होती. भांडे स्टीलचे किंवा मातीचे. ॲल्युमिनियम आणि बिनकल्हईचे पितळ-तांबे नको, तुरट-आंबट द्रव्ये त्या धातूंशी भिडतात.

चौथा भाग डोळ्यांनी ओळखताना बहुतेकांचा अंदाज चुकतो. पहिल्या दिवशी रिकाम्या भांड्यात 40 मिलि पाणी घाला, लाकडी काडी उभी धरून कुठपर्यंत भिजते तिथे खूण करा. भरड असताना पातळी थोडी वर दिसते, एवढे लक्षात घेऊन त्या खुणेपर्यंत आटवा. मग फडक्यातून गाळा आणि चोथा पिळून घ्या.

काढा त्या-त्या वेळेला ताजा करायचा. सकाळी करून फ्रिजमध्ये ठेवलेला आणि रात्री पुन्हा गरम केलेला काढा टाळावा. सकाळच्या चोथ्यात पाणी घालून संध्याकाळी पुन्हा उकळण्याची पद्धत अनेक घरांत आहे. दशमुळासारख्या कठीण मुळांत त्यातून थोडे काही निघते, पण दोन्ही वेळा सारखीच मात्रा मिळाली असे मानू नये. पाना-फुलांच्या बाबतीत तर ते नुसते रंगीत पाणी.

काढ्यात मध आणि साखर घालण्याचेही प्रमाण आहे. साखर वाताच्या रोगात चौथा भाग, पित्तात आठवा, कफात सोळावा. मधाचे बरोबर उलटे. 40 मिलि काढ्यात कफ असेल तर मध 10 मिलि, पित्तात 5, वातात अडीच. मध नेहमी काढा कोमट झाल्यावर, उकळत्या काढ्यात नाही. दशमुळाच्या काढ्यात खोकल्यासाठी पिंपळीचे चूर्ण चिमूटभर घालतात. वेळ सकाळी रिकाम्या पोटी आणि संध्याकाळी जेवणाआधी तासभर. थायरॉइडची गोळी सकाळी घेत असाल तर ती आधी, साध्या पाण्याबरोबर, आणि काढा तिच्यानंतर किमान तासाने.

तुळस, ओवा, वेलची, गवती चहा यांचा काढा करूच नये, कारण त्यांचा गुण वासात असतो. त्यांचा फांट करायचा: एक भाग द्रव्य, चार भाग उकळते पाणी, झाकून ठेवायचे, कोमट झाले की चोळून गाळायचे. धने, वाळा यांसारख्या थंड द्रव्यांचा हिम: एक भाग द्रव्य, सहा भाग गार पाणी, रात्रभर भिजवून सकाळी गाळायचे. उन्हाळी लागल्यावर धने उकळून पितात आणि गुण येत नाही म्हणतात, त्याचे कारण हेच.

अडुळसा तुमच्या यादीत नाही, पण खोकल्यात तो कुणीतरी सुचवणारच, म्हणून दोन ओळी. त्याची पाने कुटून रस निघत नाही. आधी ती वाफवायची, मग गरम असतानाच कुटून पिळायची. 10 ते 15 मिलि रसात मध. अडुळसा, गुळवेल, शतावरी, अश्वगंधा, कुडा, कोहळा अशी मोजकी द्रव्ये ओलीच वापरावीत आणि ओली म्हणून मात्रा दुप्पट करू नये असा नियम आहे. इतर वनस्पती सुक्याऐवजी ओल्या घेतल्या तर दुप्पट घ्यायच्या. गर्भवतीने अडुळसा घेऊ नये, तो गर्भाशय आकुंचित करतो.

दशमूळ भरड विकत घेताना निरखून घ्या. बेल, टेटू, शिवण, पाडळ, ऐरण ही पाच झाडे आणि सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली, गोखरू ही पाच लहान झुडपे. मोठ्या झाडाचे मूळ काढले की झाड जाते, म्हणून बाजारात मुळांऐवजी खोडाची साल घालण्याची चाल पडली आहे. त्यात फसवणूक असेलच असे नाही, पण भरडीत वेगवेगळे रंग, साली, काटेरी तुकडे दिसायला हवेत. सगळा एकसारखा फिकट भुसा दिसला तर परत करा. वनस्पतीचे वीर्य, म्हणजे औषधी ताकद, एक वर्ष, चूर्णाचे दोन महिने, गोळ्या-अवलेहांचे एक वर्ष टिकते असे शार्ङ्गधर सांगतो. पाकिटावरची मुदत याहून लांब असते. ती कायद्याने योग्य आहे, पण फोडलेला डबा पावसाळ्यात सहा महिने चालवणे हे वेगळे प्रकरण. हिंग्वाष्टकाचा वास गेला किंवा सितोपलादीच्या गुठळ्या झाल्या की ते टाकून द्या. जुने चालते ते आसव, गूळ, तूप, पिंपळी आणि वावडिंग.

यादीतल्या कनकासवाची मला खरी चिंता वाटते. त्यातला कनक म्हणजे धोतरा. औषध-सौंदर्यप्रसाधन नियमांच्या ‘ई-1’ अनुसूचीत तो विषारी द्रव्य म्हणून नोंदलेला आहे आणि अशा औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे सक्तीचे आहे. दम्याच्या उबळीत धोतरा श्वासनलिका सैल करतो, म्हणून त्याचे स्थान आहे. पण तो तोंड-घसा कोरडा करतो, कफ चिकट करतो आणि आतड्यांची हालचाल मंदावतो. म्हणजे फुगलेल्या पोटाला आणि सुटत नसलेल्या कफाला तीन महिने हेच औषध देणे उलटे पडलेले असू शकते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्याने तर ते घेऊच नये; लघवी अडते, डोळ्यातला दाब वाढतो. छातीत धडधड, जवळचे अंधूक दिसणे, तोंडाला कोरड ही मात्रा जास्त होत असल्याची खूण. आसव-अरिष्टांत किण्वनाने तयार झालेले मद्य असते हेही विसरू नये. म्हणूनच ती जेवणानंतर आणि समभाग पाणी घालून घ्यायची असतात. तुमच्या चार औषधांपैकी वेळ बरोबर साधली ती याच एकाची, आणि नेमके हेच आधी थांबवायचे.

आता पचन. कितीही नेमके औषध दिले तरी ते आधी पचावे लागते, आणि आम, म्हणजे अर्धवट पचून साठलेले अन्न, असलेल्या पोटात ते पचत नाही. आमाच्या खुणा सकाळी तोंड धुण्याआधी पाहा: जिभेवर जाड पांढरा थर, अंग जड, आदल्या जेवणाची ढेकर अजून येते, शौचाला चिकट. असे असेल तर दोन ते तीन दिवस औषध थांबवून हलके खा. मुगाचे कढण, भाताची पेज, सुंठ घालून उकळलेले पाणी. एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम सुंठ पुरे, त्याहून जास्त सुंठ पित्त वाढवते. सरसकट कडक उपास नको. मधुमेही, वृद्ध, गर्भवती यांनी लंघन म्हणजे फक्त हलका आहार समजावा. ढेकर शुद्ध येते, मल-मूत्र वेळेवर होते, अंग हलके वाटते, भूक आणि तहान स्वतःहून लागते, ही जेवण पचल्याची लक्षणे. ती दिसल्याशिवाय पुढचे जेवण घेऊ नये. फुगीच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात, असे मी बेधडक म्हणेन. जेवताना पोटाचे चार भाग कल्पून दोन घन अन्नाला, एक पातळ पदार्थाला आणि एक रिकामा ठेवायचा. कडधान्ये रात्री नकोत. गार पाणी, भूक नसताना चहा-बिस्किटे, दुपारी जेवून लगेच आडवे होणे, हे चालू असेल तर हिंग्वाष्टकाला दोष देऊ नका.

इतर औषधे चालू असतील तर ती वैद्याला नावानिशी सांगा. ज्येष्ठमध रोज जास्त घेतले तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. खोकल्यात ते सर्रास चघळतात आणि रक्तदाब का आवरत नाही हे कोडे पडते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर कोणताही काढा परस्पर सुरू करू नये. त्रिफळा किंवा इसबगोल इतर गोळ्यांपासून दोन तास दूर ठेवावे.

राहिला थांबायचा प्रश्न. गुण सावकाश येतो ही समजूत त्वचा, सांधे, वर्षानुवर्षांचे दुखणे यांना लागू होते. पोटफुगी हा पचनाचा तात्कालिक विकार आहे. पहिल्या घासाचे हिंग्वाष्टक आणि बदललेले जेवण यांनी आठ-दहा दिवसांत फरक दिसायलाच हवा. नाही दिसला तर निदान तपासायचे, मात्रा वाढवायची नाही. खोकल्याला तपासण्या निर्दोष असतील तर दोन-तीन आठवडे द्यावेत. तीन महिने एकच औषध फरकाशिवाय घेणे कोणत्याच शास्त्रात बसत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. कनकासव बंद. तपासण्या याच आठवड्यात. जिभेवर थर असेल तर दोन-तीन दिवस पेज-कढण, त्यानंतर फक्त हिंग्वाष्टक, पहिल्या घासात, आठ दिवस. पोट हलके झाल्यावर काढा आणि चाटण सुरू करा, दोन्ही एकाच दिवशी नाही, चार दिवसांच्या अंतराने, म्हणजे कशाने काय झाले ते कळेल. रोज सकाळी तीन गोष्टी लिहून ठेवा: जिभेचा थर, शौच, आणि रात्री खोकल्याने किती वेळा जाग आली. वैद्याकडे जाताना ही वही, चारही औषधांची पाकिटे आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या.